मराठी माध्यमाचा लॅपटॉप

"मामा, यावर जीटीए चालेल का?"

भाच्याने हे विचारलं तेव्हा एप्रिल संपत आला होता, चंद्रपूरचा पारा ४५ वर होता आणि कुलरच्या टाकीतलं पाणी तळाला गेलं होतं. अशा वेळी शहाण्याने कुठल्याच प्रश्नाला उत्तर देऊ नये. मी दिलं.

"चालते न! काऊन नाई चालणार?"

आमच्या भागात 'चालते न' हे उत्तर नाही, श्वासोच्छ्वास आहे. वरणात मीठ कमी पडलं, चालते न. एसटीच्या खिडकीला काच नाही, चालते न, हवा लागते. नवरदेव फोटोपेक्षा चार वर्षांनी मोठा निघाला, चालते न, पुढं तर तसाच दिसणार आहे. त्याच सवयीने मी माझ्या लॅपटॉपची अब्रू पणाला लावून बसलो.

भाचा पुण्याचा. अकरावीची परीक्षा झालेली. माझ्या बहिणीने त्याचा स्वतःचा लॅपटॉप कपाटात कुलूपबंद करून "जा, जरा जंगलाची हवा खाऊन ये" म्हणून त्याला आमच्याकडे धाडलं होतं. एप्रिलअखेर चंद्रपूरला हवा खायला पाठवणारी आई एक तर फार चिडलेली असते, नाही तर तिचं माहेर चंद्रपूरचं असतं. इथे दोन्ही होतं. पण पोरगा तिच्याच पोटचा. बॅगेत कपडे चार आणि एक्स्टर्नल हार्ड डिस्क एक. त्या डिस्कमध्ये जीटीए, म्हणजे 'ग्रँड थेफ्ट ऑटो फाइव्ह', हा शंभर जीबीच्या वरचा गेम. आमच्या मोबाइलच्या रोजच्या दोन जीबीत तो उतरवायचा म्हटला असता, तर पहाटे उठून झाडाखाली एकेक मोहफूल वेचावं तसा दोन महिने वेचत बसावा लागला असता. त्याने टोपली भरूनच आणली होती.

आता लॅपटॉपची ओळख करून देतो. जन्म २०१२. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी हातात आली होती आणि त्या पैशात गणपतीपुळ्याला जाऊन समुद्र पाहायचा, असं घरात ठरलं होतं. मी लॅपटॉप आणला. शाळेची माहिती आता ऑनलाइन भरावी लागणार, हे कारण मी सांगितलं. ते खरंही होतं. बायको तेव्हा काही बोलली नाही. ती न बोललेली वाक्यं आजतागायत हप्त्याहप्त्याने येत असतात.

मी तेव्हा एटापल्ली तालुक्यातल्या शाळेवर होतो. त्यामुळे या लॅपटॉपने पगारबिलं पाहिली, विद्यार्थ्यांच्या याद्या पाहिल्या, टेकडीवर चढून डोंगलला एक काडी रेंज मिळेपर्यंत माझ्या मांडीवर बसून सूर्यास्त पाहिले. आलापल्ली, आष्टी, गोंडपिपरी, बल्लारपूर असा एसटीचा प्रवास त्याने माझ्या पोटाशी धरून शेकडो वेळा केला. मिनिटाला ५,४०० गिरक्या घेणारी त्याची हार्ड डिस्क त्या रस्त्यावर किती गिरक्या चुकली असेल, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

"प्रोसेसर कोणता?" भाच्याने विचारलं.

"आय-थ्री."

"कितवी जनरेशन?"

"तिसरी."

"चौदावी येऊन गेली, मामा."

मी मनात बोटं मोजली. म्हणजे हा आजच्या लॅपटॉपचा खापरखापरपणजोबा. श्राद्धाला नाव आठवू नये इतका लांबचा. आणि त्याला आम्ही चोरीच्या मोटारी पळवायला सांगत होतो.

मग भाच्याने गेमची किमान पात्रता वाचून दाखवली. शासन निर्णय वाचण्यात माझी हयात गेली आहे. मास्तर जीआर वाचतो तो पाळायला नाही, त्यातली शिथिल होणारी अट शोधायला. रॅम ४ जीबी हवी, माझ्याकडे ४. काठावर पास. प्रोसेसर चार कोअरचा हवा, माझ्याकडे दोन. नापास, पण पुनर्मूल्यांकनाला वाव. ग्राफिक्स कार्ड १ जीबीचं हवं. माझ्याकडे कार्डच नाही. जे आहे ते प्रोसेसरच्याच पोटात राहतं, त्याला स्वतःची मेमरी नसते, लागेल तेव्हा ते मोठ्या रॅमच्या ताटातलं उचलतं. घरजावई.

"सवलतीचे गुण नाहीत का?" मी विचारलं. "बारा वर्षं सेवा झाली आहे. त्यातली अर्धी अवघड क्षेत्रातली."

आमच्या बदल्यांत अवघड क्षेत्रातल्या सेवेला वजन असतं. पण गेम बनवणाऱ्यांनी एटापल्ली बहुधा पाहिलेलं नाही.

मी हार मानणारा नव्हतो. हा गेम १७ सप्टेंबर २०१३ ला पहिल्यांदा आला तो प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वर. प्लेस्टेशन ३ हे २००६ चं यंत्र, त्यात मेमरी सगळी मिळून ५१२ एमबी. कॉम्प्युटरवर तो उतरला १४ एप्रिल २०१५ ला. हे सगळं मी भाच्याच्याच फोनवर वाचलं आणि टेबलावर हात आपटला. "पाह्य! त्या डब्यात चालला, अन् माझ्याकडे आठपट मेमरी आहे."

"त्या डब्यात दुसरं काही चालत नव्हतं, मामा. तुझ्यात आधीपासून काय काय चालू आहे ते बघ."

त्याने यादी उघडली. तीन अँटिव्हायरस एकमेकांवर संशय घेत बसले होते. सहा वर्षांपूर्वी भंगारात दिलेल्या प्रिंटरचं सॉफ्टवेअर अजून रोज सकाळी हजेरी लावत होतं. डोंगल गेला, पण डोंगलचा माणूस खुर्चीवर होता. एखाद्या जुन्या कचेरीत शिरल्यासारखं वाटलं: बदली झालेले, निवृत्त झालेले, सगळे टेबलं अडवून बसलेले आणि काम विचारलं की सर्व्हर डाऊन.

शिवाय माझं विंडोज ७. त्यावरून मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० लाच हात काढून घेतला होता आणि भाच्याचा गेम स्टीम नावाच्या ज्या ऑनलाइन दुकानातून उघडतो, त्या दुकानाने १ जानेवारी २०२४ ला. म्हणून विंडोज १० टाकायचं ठरलं. टाकल्यावर कळलं, तेही १४ ऑक्टोबर २०२५ ला निवृत्त व्हायचं होतं. म्हणजे मला प्रमोशन मिळालं, पण सहा महिन्यांत बंद होणाऱ्या शाळेवर.

गेमच्याही दोन आवृत्त्या आहेत. २०२५ च्या मार्चमध्ये आलेली 'एन्हान्स्ड', तिला एसएसडीच लागते. आणि जुनी 'लेगसी'. "आपल्याला लेगसी," भाचा म्हणाला. मला तो शब्द आवडला. वडिलोपार्जित म्हटल्यासारखा वाटला.

पहिल्या दिवशी आयकॉनवर क्लिक केलं आणि आम्ही वाट पाहू लागलो. मी टाकी भरली. आंघोळ केली. निकालपत्रकावरच्या एका तुकडीच्या सह्या उरकल्या. पडद्यावर गोल फिरतच होतं. भाच्याने माझं सांत्वन केलं: याच गेमचा ऑनलाइन भाग सुरू व्हायला चांगल्या चांगल्या मशिनींनाही मिनिटं लागायची. २०२१ मध्ये एका बाहेरच्या प्रोग्रामरने शोधून काढलं, की ६३ हजार वस्तूंची यादी वाचताना प्रत्येक नवी वस्तू आधीच्या सगळ्यांशी ताडून पाहिली जाते. त्याने ते दुरुस्त करून दाखवलं, वेळ सत्तर टक्क्यांनी घटला, आणि कंपनीने त्याला दहा हजार डॉलर दिले. मला हसू आलं. दाखला मागायला आलेल्या पोराचं नाव जनरल रजिस्टरमध्ये दर वेळी पहिल्या पानापासून शोधणारे बाबू मी पाहिले आहेत. त्यांना कुणी डॉलर दाखवले नाहीत, एवढंच.

अखेर पडदा काळा झाला, लॅपटॉपने एक उसासा टाकला आणि गेम बंद पडला.

तेव्हा मला उमगलं. इंग्रजीत गेम मशिनीवर 'रन' होतो. पळतो. मराठीत तो चालतो. भाच्याने मराठीत विचारलं होतं, मीही मराठीत उत्तर दिलं होतं. त्यात पळण्याचा शब्द कुणी काढला होता? माझा लॅपटॉप मराठी माध्यमाचा आहे. तो चालेल. वेळ लागेल, वाटेत बसेल, चहा घेईल, पण चालेल.

दुसऱ्या दिवशी जटपुरा गेटाच्या आसपासच्या एका दुकानात गेलो. दुरुस्तीवाला भाऊ प्लॅस्टिकच्या पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुन्याचा खर्रा घोटत होता. घोटणं न थांबवता त्याने लॅपटॉपकडे पाहिलं.

"सर, हे डबडं तुमी अजून वापरून रायले?"

"गेम चालवायचा आहे."

तो घोटायचा थांबला. "नातवासाठी का?"

माझं वय अठ्ठेचाळीस. मी भाच्याकडे पाहिलं. भाचा शटरकडे पाहत होता.

भाऊने मागचं झाकण उघडलं, पंखा काढला आणि आत फुंकर मारली. दुकान क्षणभर दिसेनासं झालं. मी भूगोलाचा मास्तर. मला त्या धुळीत थर दिसले. सगळ्यांत खाली कोळसा, म्हणजे चंद्रपूर. त्यावर राख, म्हणजे तेही चंद्रपूरच. मग सिमेंटचा करडा पट्टा. तो गडचांदूरकडच्या माझ्या दोन वर्षांच्या नोकरीचा. सगळ्यांवर आमच्या घरच्या फोडणीचं तेल, ज्याने हे सगळं घट्ट धरून ठेवलं होतं. ज्या गोंडांच्या मुलखावरून भूशास्त्रज्ञांनी गोंडवाना हे नाव घेतलं आणि अख्ख्या प्राचीन महाखंडाला दिलं, त्या मुलखाचा एक नमुना माझ्या हीटसिंकमध्ये बारा वर्षांत तयार झाला होता. दहा कोटी वर्षं थांबलो असतो तर खाण निघाली असती.

"पेस्ट पाहा," भाऊ म्हणाला. प्रोसेसरवरची उष्णता हीटसिंकपर्यंत पोचवणारी थर्मल पेस्ट सुकून पांढरी भुकटी झाली होती. "चुना झाला सर याचा."

त्याने बोट पुसलं. मी ओरडलो, "हात धुऊन घे!" चुना तिथे चुकून पडला असता तर प्रोसेसरला चक्कर आली असती. त्याने नव्या पेस्टचा ठिपका ठेवला, एचएमटी तांदळाच्या दाण्याएवढा. हा बारीक दाणा आमच्याच जिल्ह्यातला. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागड्यांनी शेतात निवडून निवडून तयार केलेला. त्यामुळे माप मला लगेच पटलं.

"अजून काय करता येईल?"

"एसएसडी टाका. रॅमची अजून एक पट्टी टाका. दोन पट्ट्या असल्या का ग्राफिक्सले दोन्ही हातांनं खाता येते. बाकी ग्राफिक्स कार्ड नाई बदलत याच्यात. ते जन्माचं हाय."

घरजावई कायम राहिला, पण त्याचं ताट दुप्पट झालं. बिल झालं चार हजार दोनशे. बायकोने ते वहीत लिहिलं. वहीत मागच्या पानावर २०१२ ची लॅपटॉपची किंमत अजून होती. तिने दोन्हींची बेरीज केली, पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाली, "पुळ्याले दोनदा जाऊन आलो असतो. मुक्कामासहित."

त्या संध्याकाळी गेम उघडला.

काय सांगू! बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ झालं होतं, ब्रह्मपुरीने त्या दिवशी तापमानात आम्हाला दोन दशांशांनी मागे टाकल्याची हळहळ गल्लीत चालू होती, आणि माझ्या पडद्यावर बर्फ पडत होता. या गेमची सुरुवातच बर्फाळ गावातल्या बँकेच्या दरोड्याने होते. एक हिमकण आला. थांबला. आम्ही त्याला नीट पाहून घेतलं. मग दुसरा आला. दरोडेखोराने तोंड उघडलं. काही वेळाने आवाज आला. त्यानंतर काही वेळाने तोंड मिटलं.

बायको पापड लाटता लाटता डोकावली. "कोठी गेले तुमी?"

"बँकेत."

"मंग माझ्या खात्याले आधार जोडून या."

भाच्याने पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा आणला होता: सेकंदाला किती चित्रं. सिनेमात चोवीस असतात. मूकपटाच्या काळात, हाताने हँडल फिरवून, सोळाच्या आसपास. आमच्याकडे सहा. म्हणजे १९१३ साली राजा हरिश्चंद्र काढणारे दादासाहेब फाळके आमच्या कितीतरी पुढे होते. बायकोला वाटलं मी फोटो पाहतो आहे. "कोणाच्या लग्नातले हायेत?" ती म्हणाली.

मग सुरू झाला खरा खेळ. त्याचं नाव सेटिंग्ज. आम्ही तो चार दिवस खेळलो आणि त्यात मी पुढे भाच्यालाही मागे टाकलं. रिझोल्यूशन ८०० बाय ६०० केलं. माणसं चौकोनी झाली, पण माणसं होती. गवत काढलं. झाडांचा बारकावा काढला. गर्दी कमी केली, लाखोंच्या शहरात टाळेबंदी लागल्यासारखी सात-आठ माणसं उरली. शेवटी भाचा म्हणाला, "सावल्या ऑफ कर, फार खातात." माझा हात अडखळला. एप्रिलच्या चंद्रपुरात सावली काढून घ्यायची म्हणजे पाप लागतं. पण फ्रेम दोनने वाढणार होत्या. मी पाप केलं.

नेमके त्याच वेळी शेजारचे काकाजी आले. वनखात्यातून वनपाल म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा पुसून पडद्याकडे पाहिलं.

"हे झाडं कोणं तोडले?"

"मीच, काकाजी."

"परवानगी?"

"एका क्लिकवर होते न."

काकाजी खाली बसले. एका क्लिकवर जंगल साफ होतं ही बातमी त्यांना सहन होण्यासारखी नव्हती. भाच्याने त्यांचं मन वळवायला आपल्या जुन्या डावातला, गेमच्या डोंगरातला प्यूमा दाखवला. काकाजींनी त्याला बराच वेळ पाहिलं. बराच वेळ पाहायला मिळालंच, तो हलत नव्हता. "हा वाघ नाई," ते म्हणाले. "अन् वाघ पाहाले शंभर जीबी कायले पाहिजे? बफरमध्ये या न."

"बफरिंगच होतंय आजोबा," भाचा म्हणाला.

"मंग? बफरमध्येच तर जास्त दिसते आजकाल." काकाजी खुलले. "याच्यात कोअर हाय का?"

"दोन आहेत."

"दोन? ताडोबाले एकच. सव्वासहाशे चौरस किलोमीटर. अन् बफर अकराशे." त्यांनी लॅपटॉपवर तळवा ठेवला आणि चटकन काढला. "गुरुजी, आमचा कोअर पावसाळ्यात तीन महिने बंद राह्यते. तुमचा उन्हाळ्यात ठेवा. जनावराले इसावा लागते."

इतका नेमका तांत्रिक सल्ला मला त्या आठवड्यात दुसऱ्या कुणी दिला नाही. मी तो मानला नाही.

कारण भाच्याने आता तापमान दाखवणारा आकडाही पडद्यावर बसवला होता. प्रोसेसर शंभरीच्या जवळ गेला की तो आपला वेग आपणच कमी करतो, म्हणजे दुपारी साइटवरचा मजूर करतो तेच. पंखा त्याला थंड हवा देतो, पण ती हवा आणायची कुठून? आमच्या खोलीतली हवाच एकेचाळीस. लॅपटॉपच्या डाव्या बाजूने असा झोत निघू लागला, की बायकोने विचार करून चार मूगवड्या तिथे ठेवून पाहिल्या. वाळल्या. उरलेली दोन ताटंही तिने आणून ठेवली.

"नव्वद!" भाचा ओरडायचा. "त्र्याण्णव! मामा, सत्त्याण्णव!"

निकालाचे दिवस. खिडक्या उघड्या. काकाजी पुन्हा आले, या वेळी खिशातून शंभराची नोट काढून. "पोट्टा हुशार हाय गुरुजी. सत्त्याण्णव म्हणजे मजाक नाई." नोट परत करताना मी त्यांना सांगितलं, की हे मार्क नाहीत, ताप आहे. त्यांनी नोट खिशात ठेवली, पण गल्लीत बातमी तोवर फिरली होती. दोन घरांतून निरोप आला, कोणता क्लास लावला होता म्हणून.

आता थंडाव्याचा बंदोबस्त करणं भाग होतं. आधी पाण्याच्या बाटल्यांची चार झाकणं लॅपटॉपच्या चार कोपऱ्यांखाली लावून त्याला उंच केलं. दोन अंश उतरले. मग मला ती कल्पना सुचली, जिच्याबद्दल घरात आता बोलायचं नाही असं ठरलं आहे. मी लॅपटॉप कुलरच्या तोंडासमोर ठेवला.

पहिली दहा मिनिटं स्वर्ग होता. ताप अठ्ठ्याहत्तरवर आला. फ्रेम अकरा झाल्या. बर्फातला दरोडा संपला, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, कथा काही वर्षं पुढे सरकली आणि आम्ही लॉस सँटोस नावाच्या शहरात उन्हात येऊन उभे राहिलो. भाच्याने मला टाळी दिली. मी बायकोला हाक मारली, बायकोने मिक्सर लावला, आणि खटका पडला. गावाच्या वेशीवर २,९२० मेगावॉटचं वीज केंद्र आहे. पण माझ्याच हाताने बसवलेल्या वायरिंगवर कुलर, फ्रीज, मिक्सर आणि अमेरिकेतलं एक शहर एकदम उचलणं माझ्या घरच्या एमसीबीच्या कुवतीबाहेर होतं. लॅपटॉपची बॅटरी चार मिनिटं टिकते. ती चार मिनिटं आम्ही अंधारात मोटार हाकली. पाचव्या मिनिटाला खटका वर केला, वीज आली, टाकीतला बंद पडलेला पंप जोरात सुरू झाला आणि कुलरने नरड्यात अडकलेलं सगळं पाणी एका दमात माझ्या कीबोर्डवर थुंकलं.

लॅपटॉप पुसला. उलटा टांगला. तांदळाच्या डब्यात ठेवावा असं मी सुचवलं. बायकोने डबा उचलून आत नेला. चार तासांनी तो सुरू झाला. सगळं ठीक. एक डब्ल्यू सोडून.

ज्यांनी कधी गेम खेळला नाही त्यांच्यासाठी सांगतो: डब्ल्यू म्हणजे पुढे. एस म्हणजे मागे, ए आणि डी म्हणजे डावी-उजवीकडे. सव्वीस अक्षरांतलं नेमकं पुढे जायचं तेवढं गेलं. आमचा नायक आता एस दाबला की आमच्याकडे तोंड करून चालत यायचा, पुढे काय आहे हे त्याला दिसायचं, आम्हाला नाही. मोटारीत बसवला तर मोटार फक्त रिव्हर्समध्ये.

"साडेतीनशेचा बाहेरचा कीबोर्ड घेऊ," भाचा म्हणाला.

आम्ही दोघांनी वहीकडे पाहिलं. वही मिटलेली होती. बायको तिच्यावर बसली होती.

दुसऱ्या दिवशी भाचा पुण्याला गेला. बसस्टँडवर तो पाया पडला आणि म्हणाला, "मामा, मजा आली." आम्ही मोजून बावीस मिनिटं गेम खेळलो होतो. बाकी आठ दिवस आम्ही तो लावत होतो. पुण्याला पोचल्यावर त्याचा फोन आला: आईने कपाट उघडलं, लॅपटॉप परत मिळाला, त्यावर सेकंदाला नव्वद फ्रेम येतात आणि खेळायला कंटाळा येतो.

लॅपटॉप मात्र आता सुसाट आहे. एसएसडी आणि नव्या रॅममुळे निकालपत्रक डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उघडतं. फक्त विद्यार्थ्यांच्या इंग्रजी नावांतला डब्ल्यू यायचा राहतो. यंदा वामन आणि वर्षा दोघांनीही व्ही वर भागवलं. वडसा गावाचं मात्र दुसरं नाव, देसाईगंज, लिहून टाकलं. चालते न.

परवाच्या रात्री आम्ही नेहमीप्रमाणे गच्चीवर झोपलो होतो. दोनच्या सुमारास पाणी प्यायला खाली आलो, तर समोरच्या खोलीत निळा उजेड. बायको खुर्चीवर मांडी घालून बसलेली, एक हात माऊसवर, एक बोट एसवर.

"काय करून रायली वो?"

"हळू बोला." तिने नजर काढली नाही. "गाडी समोर जातच नाई. मंग उलटीच आणली इथवर."

"कोठवर?"

"सिग्नल लागला तं थांबत होती. बाकीचे काही थांबत नाईत तेथचे लोक."

मी वाकून पाहिलं. मोटार वाळूत शेपटीकडून रुतली होती. नायक उतरून उभा होता, सावलीशिवाय, चौकोनी. त्याच्यामागे समुद्र. आम्ही सेटिंग्जमध्ये पाणीसुद्धा अगदी कमीवर नेलेलं, त्यामुळे तो निळ्या ताडपत्रीसारखा दिसत होता. कोपऱ्यातला आकडा नऊ.

"लाट आली का?" मी विचारलं.

"येऊन रायली. बसा."

मी दुसरी खुर्ची ओढली. लाट अजून अर्ध्यावर होती.